राणीचा बाग

सिद्धेश्वर तलावाकाठच्या आपल्या भुईकोट किल्ल्यात एके काळी पहारेकऱ्यांच्या संमतीवाचून कोणासही पाऊल टाकता येत नसे. आज तेथील बागेत मुले निर्धास्त खेळतात. सर्वांना खुली असलेली जागा हे नगराचे मोठे धन होय. ते कसे जपावे लागते, हे मुंबईच्या राणीच्या बागेवरून कळते.

हा बाग भायखळ्यास आहे. शेती व उद्यानविद्या यांच्या प्रसारासाठी स्थापन झालेल्या एका मंडळीने तो उभारला. १८६२ साली गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या पत्नीच्या हस्ते तो खुला झाला. १८७३ साली मंडळी मोडली आणि बाग नगरपालिकेकडे, म्हणजेच नगरवासीयांकडे आला. देशोदेशींचे वृक्ष आणि पशुपक्षी पाहण्यास गिरणगावातील कामकऱ्यांची कुटुंबे सुटीच्या दिवशी येथे येत. पुढे त्यास वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे नाव मिळाले.

२०१७ साली प्रौढांचे ५ रुपयांचे तिकीट ५० रुपये झाले. चौघांच्या कुटुंबास १०० रुपये ठरले. प्राण्यांची निगा खर्चाची असते, हे खरे. परंतु रोजंदारीवर पोट भरणाऱ्यास ही रक्कम जड जाते, हेही तितकेच खरे. दरवाजा उघडा असूनही तिकीट परवडले नाही, तर गरिबास तो बंदच.

म्हणून सार्वजनिक बागेत जाताना दोन गोष्टी स्मराव्यात : तेथील एक पानही विनाकारण तोडू नये, आणि तेथे येण्याचा आपला जितका हक्क आहे, तितकाच तो शेजारच्या अनवाणी मुलाचाही आहे.