घरात हौसला कुणी धरायचा?

दहावीचा निकाल लागला की आपल्या मोहल्ल्यात एकच प्रश्न फिरतो, ‘कितना मिला?’ पास झालेल्यांच्या घरी पेढे वाटले जातात. ज्या घरात मूल गणितात गेलं, त्या घराचं दार मात्र अर्धं लोटलेलं असतं. आम्ही शिक्षक त्या दिवशी मुद्दाम अशाच घरी जातो.

बोईसरमधलं असं एक घर आमच्या चांगलं लक्षात आहे. मुलगी भिंतीकडे तोंड करून बसलेली, अम्मी रडत होती. पाहुणे म्हणत होते, ‘पढाई इसके बस की नहीं, अब रिश्ता देखो.’ अब्बू एमआयडीसीतली रात्रपाळी करून आले होते. त्यांनी मोबाईलवरचा निकाल एकेक विषय घेऊन मोठ्यानं वाचला. मग म्हणाले, ‘पाच विषय निकल गए, तो छठा क्यों नहीं निकलेगा? फॉर्म कब भरना है?’ मुलीनं तोंड वळवून त्यांच्याकडे पाहिलं. पाहुण्यांनीही रिश्त्याचा विषय पुन्हा काढला नाही.

हे घडतं कसं? संकट किती मोठं आहे हे कळेनासं झालं की माणूस घरातल्या भरवशाच्या माणसाचा चेहरा बघतो. मुलं तर आपल्या शब्दांच्या आधी आपला आवाज ऐकतात.

रॉबर्ट रोझेन्थल आणि लेनोर जेकबसन यांनी १९६८ साली अमेरिकेतल्या एका प्राथमिक शाळेतला प्रयोग पुस्तकात मांडला. काही मुलं यंदा खूप पुढे जातील असं त्यांनी शिक्षकांना सांगितलं होतं. खरं तर ती नावं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडलेली होती. तरी वर्षाअखेर पहिली-दुसरीतल्या त्या मुलांची प्रगती इतरांपेक्षा जास्त दिसली. हा परिणाम नेमका किती मोठा, यावर नंतर बराच वाद झाला. पण रोझेन्थल यांनी दिलेलं कारण आम्हाला वर्गात रोज पटतं. ज्याच्याकडून अपेक्षा असते त्याच्याशी आपण प्रेमानं बोलतो, त्याला जास्त शिकवतो, उत्तराची संधी देतो आणि चुकलं तर कुठे चुकलं ते नीट सांगतो. म्हणजे विश्वास वागण्यातून पोचतो.

आपल्या पालघर जिल्ह्यानं हे फार मोठ्या प्रमाणावर पाहिलं आहे. वारली आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या जमीनदारांची वेठबिगारी करत होते. १९४५ साली गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर त्यांच्यात गेले. तलासरीजवळच्या झरी गावच्या सभेत हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही असं ठरलं. नुसतं ‘घाबरू नका’ म्हणून ती भीती गेली नसती. उद्या नेमकं काय करायचं आणि सोबत कोण आहे, हे माणसांना कळलं होतं.

घरातही तसंच असतं. ‘सब ठीक हो जाएगा’ म्हणून कूस बदलून झोपलो, तर मुलाला कळतं की हे फक्त बोलणं आहे. त्यापेक्षा पुढचं पाऊल सांगा. पुरवणी परीक्षेचा फॉर्म कधी भरायचा, गणित रोज किती वाजता, बाजूला कोण बसणार. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीच्या सवलतीनं अकरावीला प्रवेश मिळू शकतो, हेही शाळेत जाऊन विचारून घ्या. वर्ष वाया गेलं असं समजून कितीतरी मुली घरी बसवल्या जातात.

मोठ्यांना भीती वाटतेच, ती लपवायचीही गरज नाही. अम्मी-अब्बूंनी आपसात बोलून घ्यावं, पण पाहुण्यांसमोर मुलाला कमी लेखू नये. ‘मलाही टेन्शन आलंय, पण आपण मिळून करू’ एवढं म्हणालात तरी पोराला बळ येतं.

त्या मुलीचं गणित पुरवणीत सुटलं, अगदी काठावर. निकाल सांगायला अब्बूंचाच फोन आला. शेवटी विचारलं, ‘अब अगला फॉर्म कब भरना है?’