चांदीची वाटी आणि भाजलेला हात

उष्टावणाला बाळाला खीर चाटवली, ती चांदीची वाटी कपाटात जपून ठेवली आहे ना? तिच्याच धातूचा एक गुण आज सांगायचा आहे.

दिवाळीत चकल्या तळताना आमच्या शेजारच्या वहिनींच्या हातावर तेल उडालं. घाईघाईने त्यांनी टूथपेस्ट फासली. ती धुऊन काढताना डॉक्टर चांगलेच रागावले! मग फोडांवर एक करडी पट्टी लावून म्हणाले, "तीन दिवस उघडायची नाही." वहिनींना नवल वाटलं. रोज पट्टी सोडवायची आणि रोज कळवळायचं, हे त्यांनी आईच्या वेळी पाहिलेलं होतं.

त्या पट्टीत चांदीचे 'नॅनो' कण होते. मीटरचे १०० कोटी भाग केले तर त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर. इतकं बारीक कशाला? अहो, खडीसाखर दुधात विरघळायला वेळ लागतो, पिठीसाखर टाकताच विरघळते, तसंच हे. कण बारीक असले की ओलाव्यात चांदीचे आयन भराभर सुटतात, जंतूंच्या कवचाला चिकटून ते फोडतात आणि आतला सगळा कारभार बंद पाडतात. चांदीलाही दाद न देणारे काही जंतू आहेत, हेही खरं.

तशी ही विद्या जुनी. लायप्झिगच्या डॉ. क्रेडे यांनी १८८० च्या सुमारास नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालायला सुरुवात केली आणि कितीतरी बाळांची दृष्टी वाचली. आपल्याकडे २००९ मध्ये आलेल्या 'टाटा स्वच्छ' या पाण्याच्या फिल्टरमध्ये भाताच्या तुसाची राख आणि चांदीचे नॅनो कण होते.

म्हणून कुणी 'चांदीचं पाणी' प्या म्हणालं, तर मात्र मुळीच ऐकू नका. अशी चांदी अंगात साठली की कातडी निळसर-करडी होते, आणि तो रंग पुन्हा जात नाही. अशा औषधांचा उपयोग सिद्ध झालेला नाही, असं अमेरिकेच्या औषध खात्याने १९९९ मध्येच ठरवलं.

पट्टीसुद्धा डॉक्टरांनीच ठरवायची. किरकोळ चटक्याला तिची गरज नसते. उलट चांदीच्या काही मलमांनी जखम भरायला उशीरच होतो. भाजल्याबरोबर बांगड्या, अंगठी काढा आणि वीस मिनिटं हात नळाखाली धरा. टूथपेस्ट, हळद, शाई काही नको. मूल भाजलं, चेहरा भाजला किंवा मोठे फोड आले, तर थेट दवाखाना गाठा.

वहिनींचा हात बरा झाला. थोडा डाग राहिलाय, पण तो बांगड्यांखाली झाकतो.