न्यायाधीश राहणार की जाणार, हे कोण ठरवतं?

गैरसमज : न्यायाधीश मंत्री आणतो आणि मंत्रीच घालवतो.

मालेगावात कोर्टातल्या साहेबांची बदली झाली की फोन कुणाचा गेला यावर चर्चा रंगते. प्रांत किंवा डीवायएसपींच्या बाबतीत ती कधी खरी निघत असेलही. न्यायाधीशांचं खातं मात्र वेगळं आहे. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश व प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी हे एमपीएससीच्या परीक्षेतून येतात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी किमान तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा घातली. नेमणूक राज्यपालांच्या नावाने होते. पुढची पोस्टिंग, बढती, रजा हे सगळं राज्यघटनेच्या कलम २३५ प्रमाणे उच्च न्यायालयाच्या ताब्यात. बदल्यांची यादी बहुधा एप्रिलच्या सुमारास लागते आणि उन्हाळी सुट्टी संपली की जूनमध्ये नवे साहेब खुर्चीवर दिसतात. दादा भुसे यांनी २०२३ मध्ये संजय राऊत यांच्यावर बदनामीचा खटला मालेगावच्याच कोर्टात लावला. तेव्हा ते नाशिकचे पालकमंत्री होते. कोर्टापुढे मात्र नुसते फिर्यादी.

गैरसमज : साहेब बदलले की केस पुन्हा पहिल्यापासून.

फौजदारी खटल्यात आधीच्या न्यायाधीशांनी नोंदवलेला पुरावा नव्या न्यायाधीशांना वापरता येतो. अपवाद संक्षिप्त पद्धतीने चाललेल्या खटल्यांचा. चेक बाउन्सच्या केसमध्ये अडकलेल्या सूतव्यापाऱ्याने हे आपल्या वकिलाला जरूर विचारावं.

मग बदलीची एवढी धास्ती का? याचं उत्तर मालेगावकरांनी अलीकडेच पाहिलं. २९ सप्टेंबर २००८ रोजी भिक्कू चौकातल्या स्फोटात सहा जणांचा जीव गेला. खटला मुंबईच्या विशेष एनआयए न्यायालयात चालला. तो ऐकणारे ए. के. लाहोटी हे पाचवे न्यायाधीश. शेकडो साक्षीदार झाले, युक्तिवाद संपत आले आणि एप्रिल २०२५ मध्ये त्यांची नाशिकला बदली निघाली. पुरावा वाया जाणार नव्हता. पण नव्या न्यायाधीशांपुढे युक्तिवाद पुन्हा करावा लागला असता आणि हजारो पानं त्यांना नव्याने वाचावी लागली असती. यांनाच ठेवा, अशी मागणी पीडितांच्या बाजूने झाली. उच्च न्यायालयाने त्यांची मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. ३१ जुलैला निकाल लागला आणि सातही आरोपी निर्दोष सुटले. म्हणजे ज्यांनी 'यांना ठेवा' म्हटलं, निकाल त्यांच्याच विरुद्ध गेला. पुढे काही कुटुंबं अपिलात गेली. न्यायाधीश ठेवून घेणं म्हणजे निकाल ठरवून घेणं नव्हे, याचा यापेक्षा कडू दाखला मला माहीत नाही.

गैरसमज : अमेरिकेसारखं मतदान घेतलं तर कोर्ट सुतासारखं सरळ होईल.

तिथल्या काही राज्यांत ठरावीक वर्षांनी मतपत्रिकेवर न्यायाधीशाचं नाव येतं. समोर प्रतिस्पर्धी नसतो, फक्त 'ठेवा' किंवा 'नको'. मिझुरी राज्याने ही पद्धत १९४० मध्ये आणली. बहुतेक जण निर्धास्त निवडून येतात. पण २०१० मध्ये आयोवाच्या मतदारांनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातले तीन न्यायमूर्ती एका फटक्यात घरी बसवले. समलिंगी विवाहाला मान्यता देणाऱ्या आदल्या वर्षीच्या निकालात ते सामील होते.

आता मालेगावकडे बघा. फेब्रुवारी २०२३ मध्ये इथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी २०१० च्या एका मारहाणीच्या खटल्यात आरोपीला दोषी धरलं. रिक्षा आणि मोटरसायकलच्या धडकेवरून झालेली ती हाणामारी. तुरुंगाऐवजी परिवीक्षा कायद्याखाली समज देऊन त्यांनी त्याला दोन झाडं लावायला आणि २१ दिवस पाच वेळची नमाज अदा करायला सांगितलं. देशभर चर्चा झाली. कुणाला आदेश मायेचा वाटला, कुणाला कोर्टाने धर्मात नाक खुपसल्यासारखा. मला स्वतःला झाडं पटली, नमाज नाही. पण याच न्यायाधीशांना पुढच्या वर्षी मोसम नदीच्या दोन्ही काठांवर मतं मागत फिरावं लागलं असतं, तर असा आदेश कायदा बघून लिहिला गेला असता की मतदारयादी बघून?

गैरसमज : एकदा खुर्ची मिळाली की साठीपर्यंत कोणी हात लावू शकत नाही.

निवृत्ती साठाव्या वर्षी, हे खरं. पण १९९३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार अठ्ठावन्नच्या पुढची दोन वर्षं आपोआप मिळत नाहीत. आधीची कामगिरी तपासली जाते. त्याअगोदर पन्नाशीत आणि पंचावन्नला छाननी होते ती वेगळीच. दरवर्षीचा गोपनीय अहवाल असतोच. सेवेत राहण्याची परीक्षा आपल्याकडेही आहे, फक्त ती बंद दाराआड होते. मतदान नको हे मान्य. पण छाननीत किती जण अडकले, निदान एवढा आकडा तरी लोकांना दरवर्षी सहज दिसायला हवा.

आणि निकाल चुकला असं वाटलं तर वाट अपिलाची. न्यायदंडाधिकाऱ्यांनी दिलेल्या शिक्षेवरचं अपील मालेगावातच, अतिरिक्त सत्र न्यायालयात चालतं. तक्रार वागणुकीची किंवा पैशाची असेल तर उच्च न्यायालयाच्या दक्षता विभागाकडे जायचं, तेही शपथपत्र आणि पुराव्यासह. निनावी अर्जावर सहसा कारवाई होत नाही. बार रूममध्ये ठासून बोलणारे नेमके शपथपत्राच्या वेळी गायब होतात.