परवलीचा आकडा

पुस्तकात संगणक लिहितात. बोलताना सगळे कॉम्प्युटर म्हणतात. गणित, गणती आणि संगणक हे शब्द एकाच घरातले. आम्हाला दोन्ही नावे चालतात. तिकीट, स्टेशन हे शब्द तरी कुठले? पण आपण ते आपलेसे केलेच ना!

मात्र काही शब्दांचा अर्थ कळला नाही, तर घरातला पैसा जातो. ओटीपी हा तसला शब्द. ओटीपी म्हणजे एकदाच चालणारा परवलीचा आकडा. पूर्वी गडावर रात्री पहारेकरी परवलीचा शब्द विचारी. तो सांगेल त्यालाच आत घेत. बँकेचेही तसेच आहे. खात्यातून पैसे जायचे असले, की बँक तुमच्या मोबाइलवर आकडा धाडते. तो जो सांगेल, त्याला यंत्र मालक समजते. मग तो चोर का असेना! "काका, बँकेतून बोलतोय, आकडा सांगा," असे कोणी म्हणाला, तर फोन ठेवून द्या. बँकेचा माणूस हा आकडा कधी विचारत नाही.

दुसरा शब्द पिन. २०१६ साली यूपीआय सुरू झाले. मोबाइलवरून पैसे देण्याघेण्याची ही रीत. आता भाजीवालीच्या पाटीपाशीही ठिपक्यांचा चौकोन दिसतो. यात पैसे देताना पिन दाबावा लागतो. घेताना लागत नाही. समजा, तुम्ही म्हैस विकायला काढली. गिऱ्हाईक फोनवर म्हणते, "दादा, इसार पाठवलाय. पिन दाबा, म्हणजे जमा होईल." पिन दाबलात, की इसार येत नाही. तुमचेच पैसे जातात.

सरकारला आणि बँकांनाही आमचे एक सांगणे आहे. देशातले पहिले आधार कार्ड २०१० साली नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. सातबाराही आता संगणकावर मिळतो. यंत्र गावात आले, पण इशारा अजून पुष्कळदा इंग्रजीतच येतो. ज्याला सावध करायचे, त्यालाच तो वाचता येत नाही. "आकडा कोणाला सांगू नका," एवढे मराठीत लिहायला काय जड आहे?

आणि समजा, फसगत झालीच. तर लाजून घरात बसू नका. चोर पैसे भराभर एका खात्यातून दुसऱ्या खात्यात हलवतो. म्हणून लगेच १९३० या नंबरावर फोन लावा. बँकेलाही कळवा. मोबाइलवर आलेला निरोप पुसू नका, तो दाखवावा लागतो.