ट्रकचालक रात्रीचा प्रवास का पसंत करतात?

देशातील लांब पल्ल्याच्या मालवाहतुकीचा मोठा भाग रात्री पार पडतो. दुपारभर ढाब्यांच्या आवारात आणि पेट्रोल पंपांच्या कडेला उभे असलेले ट्रक सूर्यास्ताच्या सुमारास एकामागून एक रस्त्यावर येतात. ही चालकांची आवड की परिस्थितीची सक्ती, असा प्रश्न साहजिकच पडतो. उत्तर बव्हंशी सक्ती असेच आहे. परंतु आवडीलाही सबळ कारणे आहेत.

पहिले कारण उष्म्याचे. राजस्थान, मध्य प्रदेश किंवा विदर्भातून जाणाऱ्या महामार्गांवर मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो. ट्रकची केबिन इंजिनाच्या अगदी वर अथवा लगत असल्याने आतील उष्णता बाहेरपेक्षा अधिक असते. तापलेल्या डांबरावर भरलेल्या गाडीचे टायरही तापतात आणि झिजलेले किंवा रबर चढवून पुन्हा वापरात आणलेले टायर फुटण्याचा धोका वाढतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन यंत्रणा अनिवार्य करण्यात आली आहे. मात्र हा नियम नव्या गाड्यांपुरता आहे. आधीपासून रस्त्यावर असलेल्या ट्रकांच्या चालकांना रात्रीच्या गारव्याखेरीज दुसरा आधार नाही.

दुसरे कारण मोकळ्या रस्त्याचे. दिवसा महामार्गावर दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर, गुरे, शाळेतून परतणारी मुले आणि आठवडी बाजाराची गर्दी अशा सर्वांना सांभाळून जावे लागते. भरलेला ट्रक वारंवार थांबवून पुन्हा वेगात आणण्यात डिझेल खर्ची पडते आणि चालकही थकतो. रात्री तेच अंतर एका लयीत कापता येते. घाटात तर रात्रीच बरे, असे म्हणणारे चालकही भेटतात. वळणापलीकडून येणाऱ्या वाहनाच्या दिव्यांचा झोत वाहनाआधी दिसतो; दिवसा ही सूचना मिळत नाही. हा युक्तिवाद खरा असला तरी अपुरा आहे, कारण वळणापलीकडे बंद पडून उभ्या असलेल्या, मागचे दिवे नसलेल्या ट्रककडून कोणतीच सूचना येत नसते.

आता सक्तीकडे वळू. दिल्लीसह अनेक महानगरांत सकाळ-सायंकाळच्या वर्दळीच्या वेळी अवजड वाहनांना प्रवेश नसतो. त्यामुळे शहरात माल पोहोचवायचा तर रात्र गाठावीच लागते. बाजार समित्यांचे वेळापत्रकही असेच आहे. नवी मुंबईतील वाशीच्या भाजीपाला बाजारात मालाच्या गाड्या रात्री येऊन लागतात आणि पहाटे व्यवहार सुरू होतो. नाशिक परिसरातून निघालेला शेतमाल दिल्लीच्या आझादपूर मंडईत उशिरा पोहोचला, तर त्याचा भावही बदलतो. अशा फेरीत कधी झोपायचे हे चालक ठरवत नाही, बाजार ठरवतो.

दिवसाच गाडी चालवणे पसंत करणारे चालकही थोडे नाहीत. समोरून येणारी वाहने ‘डिपर’ न देता प्रखर झोत तसाच ठेवतात आणि क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येते. चाळिशी ओलांडलेल्या किंवा दृष्टिदोष असलेल्या चालकांना हा त्रास अधिक जाणवतो. निर्जन टप्प्यांवर लुटीचे आणि डिझेलचोरीचे भय असते. डिसेंबर-जानेवारीत उत्तर भारतातील दाट धुक्यात तर रात्रीचा प्रवास जवळजवळ अशक्य होतो.

या सर्वांहून मोठा शत्रू म्हणजे झोप. माणसाच्या शरीरातील घड्याळ साधारणपणे रात्री २ ते पहाटे ६ या काळात सतर्कता सर्वात खाली आणते. दुपारी त्याहून लहानसा उतार असतो. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन संशोधनात, सलग १७ तास जागे राहिलेल्या व्यक्तीची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या व्यक्तीइतकी खालावते, असे आढळले होते. भारतात वाहनचालकासाठी कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. मद्य तपासण्याचे यंत्र पोलिसांकडे असते. जागरण मोजणारे यंत्र नाक्यावर नसते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीत चार सेकंद डोळा लागला, तर गाडी सुमारे ६७ मीटर चालकाविना धावते.

येथे आकडेवारी काळजीपूर्वक वाचावी लागते. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि त्यांपैकी सुमारे एकपंचमांश सायंकाळी ६ ते रात्री ९ या वेळेतील होते. मध्यरात्रीनंतरचे प्रमाण बरेच कमी दिसते. त्यावरून मध्यरात्र सुरक्षित असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. त्या वेळी रस्त्यावर वाहनेच कमी असतात.

काही ठिकाणी मात्र चालकाला निवडीची मुभाच नाही. कर्नाटकातील बंदीपूर व्याघ्र प्रकल्पातून केरळकडे जाणाऱ्या महामार्गावर २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ पर्यंत वाहतुकीस बंदी आहे. गाड्यांखाली येऊन वन्यप्राणी मरत असल्याने हा निर्णय झाला. उशीर झालेल्या ट्रकला नाक्यावर रात्र काढावी लागते किंवा लांबचा रस्ता धरावा लागतो.

कामाच्या तासांचा नियम नवा नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. २०२० च्या श्रमसंहितेत हा कायदा सामावून घेण्यात आला. युरोपीय संघात साडेचार तासांच्या चालनानंतर ४५ मिनिटांची विश्रांती बंधनकारक असून गाडीतील नोंदयंत्र त्याचा हिशेब ठेवते. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनीही सप्टेंबर २०२१ मध्ये ट्रकचालकांसाठी निश्चित तास आणि डुलकी ओळखणारे संवेदक यांचा आग्रह धरला होता. परंतु खर्च वाचवण्यासाठी दुसरा चालक दिला जात नसेल, तर रात्रभर गाडी हाकणाऱ्याची झोप दिवसा, तापलेल्या केबिनमध्ये किंवा गाडीखालच्या सावलीत, माल चढवण्या-उतरवण्याच्या गोंगाटात होते. तिथे तीन-चार तास मिळाले, की संध्याकाळी पुन्हा किल्ली फिरते.