परत केलेली वस्तू आणि पुराव्याचा प्रश्न

ऑनलाइन मागविलेला मोबाइल परत करताना उद्भवणारे विवाद मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिला दोषाविषयीचा. त्याबाबत कायदा स्पष्ट आहे. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० अन्वये सदोष अथवा जाहिरातीतील वर्णनाशी न जुळणारी वस्तू परत घेण्यास विक्रेत्यास नकार देता येत नाही. दुसरा विवाद वस्तूच्या ओळखीचा होय. मिळाली तीच वस्तू परत केली, असे ग्राहक म्हणतो. पेटीत निराळीच निघाली, असे विक्रेता म्हणतो.

१९८६ च्या कायद्यात तक्रारीचे स्थळ विरुद्ध पक्षाच्या ठिकाणावर किंवा वादकारणावर अवलंबून असे. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाचे वास्तव्यस्थानही ग्राह्य मानले. त्यामुळे विक्रेता बंगळूरचा असला, तरी पवनी वा लाखांदूर येथील ग्राहकास भंडाऱ्याच्या जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीस शुल्कही नाही.

तथापि न्यायाचे दार जवळ आले म्हणून पुरावा हाती येतोच असे नाही. पेटी सोपविताच वादाची मूळ वस्तू ग्राहकाच्या ताब्यातून जाते आणि ती उघडली जाते ती त्याच्या अपरोक्ष. उलटपक्षी, वस्तू खरोखरच बदलली गेली असेल, तर प्रामाणिक विक्रेताही तितकाच असहाय असतो. मोबाइलचा १५ अंकी ओळखक्रमांक बिलाशी ताडून परतीच्या पावतीवर नोंदविला गेला, तर उभयतांच्या शब्दांपलीकडचा आधार आयोगास लाभतो. कायद्याने दिलेला हक्क अशा वेळी त्या लहानशा नोंदीवरच उभा असतो.