तरंगणारी पिशवी तळाशी कशी गेली?

प्लास्टिकची पिशवी पाण्यावर तरंगते, हे तुम्हाला माहीतच आहे. मग अशी एक पिशवी समुद्रात १०,८९८ मीटर खोल कशी बरं सापडली?

ही जागा म्हणजे प्रशांत महासागरातली मरियाना गर्ता. समुद्रात याहून खोल जागा दुसरी नाही! तिथे मिट्ट काळोख असतो आणि पाण्याचा दाब इतका, की नखाएवढ्या जागेवर एक टनाहून जास्त भार पडतो. १९९८ साली जपानच्या 'कैको' नावाच्या यंत्राने, आत एकही माणूस नसताना, तिथे बुडी मारली. त्याच्या कॅमेऱ्यात ही पिशवी टिपली गेली.

आता गंमत ऐका. तरंगणाऱ्या पिशवीवर आधी जिवाणूंचा बुळबुळीत थर बसतो. मग शेवाळ येतं, छोटे शंखशिंपले चिकटतात. पिशवी जड होते आणि निघते खाली! खाली ऊन नाही, लाटा नाहीत, थंडी मात्र कडाक्याची. त्यामुळे तिथे प्लास्टिकचे तुकडे व्हायलाही फार फार काळ लागतो.

तिथल्या प्राण्यांचं काय? तिथे ऊन पोहोचत नाही, म्हणून वनस्पती नाहीत. वरून मेलेले मासे आणि बारीकसारीक जिवांचे कण पडतात, त्यांवरच बहुतेकांची गुजराण चालते. वरून जे पडेल ते अन्न, हीच लाखो वर्षांची सवय! आता त्यात प्लास्टिक मिसळलंय. मरियाना गर्तेत सहा हजार मीटरपेक्षाही खोल राहणारा, कोळंबीचा दूरचा नातेवाईक असलेला एक नवा जीव शास्त्रज्ञांना सापडला. अशा जिवांपैकी एकाच्या पोटात प्लास्टिकचा तंतू निघाला. पाण्याच्या बाटल्या आणि पॉलिस्टरचे कपडे ज्या प्लास्टिकचे असतात, त्याच जातीचा! म्हणून २०२० साली त्या जिवाचं नाव ठेवलं 'युरिथेनिस प्लास्टिकस'.

समुद्रफुलं नावाचे काही प्राणी तर प्लास्टिकवरच घर करतात. मऊ चिखलात चिकटायला टणक जागा मिळाली, की ते खूश! पण त्याच प्लास्टिकखाली दबलेल्या चिखलातल्या किड्यांना प्राणवायू कमी पडतो.

इतक्या खोल जाऊन झाडलोट करणं कुणालाच शक्य नाही. कचरा अडवायचा तो इथेच, जमिनीवर. पुण्याच्या मुठेत पडलेली बाटली भीमेतून कृष्णेत आणि कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागरात जाऊ शकते! तुमच्या घराजवळचं गटार कोणत्या ओढ्याला मिळतं, ओढा कोणत्या नदीला आणि नदी कोणत्या समुद्राला? मोठ्यांना विचारा, नकाशा काढा आणि वर्गात लावा.